देव तिचा, डोंगर माझा

२ जानेवारी २०२५

ही वही संघपालने आणून दिली. "आई, रोज किती दुखते ते लिहून ठेव. एक ते दहामधे. डॉक्टरले दाखवू." पस्तीस वर्षं पोरांना गुण दिले, आता गुडघ्यांना द्यायचे. उजवा चार, डावा सहा. झालं. उरलेल्या पानावर मी मला पाहिजे ते लिहिणार.

घरात हल्ली माझी चौकशी होत नाही, गुडघ्यांची होते. सून दीप्ती सकाळी चहाचा कप ठेवते आणि माझ्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघते. जमिनीवर बसू नका, पाट घेऊ नका, जिना चढू नका. विहारातसुद्धा माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आधीच मांडलेली असते, सगळ्यांच्या मागे, भिंतीला लावून. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मला शेवटच्या बाकावर बसवलंय.

डॉक्टरांनी डिसेंबरात फोटो बघून सांगितलं, वाट्या घासल्यात, पण ऑपरेशनची घाई नाही, मांड्यांना जोर आणा, वजन उतरवा. संघपालने त्यातलं फक्त 'घासल्यात' ऐकलं आणि वीस फेब्रुवारीची तारीख घेऊन आला. दोन्ही गुडघे एकदम. महाशिवरात्र सव्वीसला आहे हे त्याला माहीत नाही असं समजायला मी काही दुधखुळी नाही.

३ जानेवारी

काल अर्धवट राहिलं. महाशिवरात्रीचं सांगते.

तुळसाबाई आमच्या शाळेत शिपाई होती. घंटा तिची, गणिताचा वर्ग माझा. दर महाशिवरात्रीला ती पचमढीला मोठ्या महादेवाला जायची, चौरागडाच्या तेराशे पायऱ्या अनवाणी चढायची. २००२ साली तिच्यासोबत जाणारी बाई आजारी पडली आणि ती मला म्हणाली, "बाई, तुमी येता का?" माझ्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. मी म्हटलं, मी हात जोडणार नाही. ती म्हणाली, "नका जोडू. पाय तं हायेत ना तुमाले."

तेव्हापासून जाते. ती देवळात शिरते, मी बाहेर कठड्यावर बसून खालचा सातपुडा बघते आणि चिवडा खाते. कोणी विचारलं की मी सांगते, देव तिचा, डोंगर माझा. शाळेत ती मला बाई म्हणायची, तुम्ही म्हणायची. बस पचमढीचा घाट चढायला लागली की मी कुसुम व्हायची आणि परत आलो की पुन्हा बाई. हे आम्ही कधी ठरवलं नाही.

कोरोनाची दोन वर्षं कोणीच गेलं नाही. मागच्या वर्षी मी गेले नाही. जानेवारीत घरच्या जिन्यावर डावा गुडघा अचानक लुळा पडला आणि मी चार पायऱ्या घसरले. तुळसाबाई एकटी गेली. मी खिडकीत बसून तिची वाट बघत राहिले. तसं यंदा बसणार नाही. माझ्या स्वतःच्या गुडघ्यांवर मी तो डोंगर चढणार, मग त्यांना काय कापायचं ते कापा.

९ जानेवारी

धरमपेठेत फिजिओथेरपीवाल्या रितिकाकडे गेले. पंचविशीची पोरगी, पण हात पक्का. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायचं, पाय सरळ उचलून दहापर्यंत मोजायचं, हात न टेकता खुर्चीतून उठायचं नि सावकाश बसायचं. गुडघा एकटा काही करत नाही काकू, भार मांडीनं घ्यायचा असतो, म्हणाली. हे कोणी मला आधी सांगितलं नव्हतं.

मी चौरागडाचं सांगितल्यावर ती घाबरली नाही, हे मला आवडलं. पकड असलेले बूट घ्या, पिशवी हलकी ठेवा, दोन काठ्या घ्या. काठीला मी साफ नाही म्हटलं. काठी हातात आली की लोक रस्ता ओलांडून द्यायला धावतात.

"आणि काकू, उतरायचं वेगळं शिकावं लागतं," ती म्हणत होती, तेवढ्यात दीप्तीचा फोन आला, कुठे आहात म्हणून. पुढच्या वेळी दाखवते म्हणाली. व्यायाम मी कागदावर उतरवून आणलेत, पुढच्या वेळेची काही गरज वाटत नाही.

उजवा चार, डावा सहा.

१४ जानेवारी

तिळगूळ वाटून झाला आणि मी डोंगर शोधायला निघाले. नागपुरात डोंगर कुठून आणायचा? इंदोऱ्याहून मेट्रोत बसले, सीताबर्डीला उतरले आणि मला माझा चौरागड सापडला. रस्त्यापासून वरच्या फलाटापर्यंत एकशे बारा पायऱ्या. सावली आहे, कठडा आहे, दमलं तर बसायला बाक आहे. एकदा चढले. धाप लागली पण गुडघा गप्प बसला.

वर पायऱ्यांनी, खाली लिफ्टने, असं ठरवलंय. लिफ्टच्या दारावर वृद्धांना प्राधान्य लिहिलंय, तर तेवढा एक फायदा घ्यायला काय हरकत आहे. उतरण्यात काय मेहनत असते? उतार आपल्याला आपसूक नेतो.

२१ जानेवारी

आज तीन वेळा. एकूण तीनशे छत्तीस.

तुळसाबाई चहाला आली होती. अडुसष्ट वर्षांची आहे, अजून दारात चप्पल काढून उकिडवी बसते आणि तशीच उठते. मला राग येतो. मी तिला व्यायामांची यादी दाखवली, मेट्रोचं सांगितलं.

"काहून एवढ्या चढून राहिल्या बाई? झिजून जातीन ना."

"मांडीला जोर येतो."

"हाव, येत असन," ती म्हणाली. मग चहा फुंकत, "यंदा येताच ना पण?"

"येतेच."

तिने कप खाली ठेवला. यंदा त्रिशूळ केलाय म्हणाली, लोहाराकडून, खांद्याएवढा उंच. म्हणजे नवस फेडायचाय. इतक्या वर्षांत तिने कधी नवस केलेला मला माहीत नाही. ती नुसती जायची, माहेरी गेल्यासारखी. मी विचारलं कशाचा, तर सांगत नसतात म्हणाली. नातवाचा असणार. तिच्या रजतला मौद्याच्या वीजकेंद्रात कंत्राटी काम लागलंय.

ती गेल्यावर बघते तर माझी जुनी नी-कॅप सापडेना. तपकिरी, इलॅस्टिक सैल झालेली. दाराशी खुंटीला होती. दीप्तीने केरात टाकली असणार, विचारलं तर नाही म्हणते. या घरात वस्तू जागेवर राहत नाहीत.

२ फेब्रुवारी

भांडण झालं. मी तारीख पुढे ढकला म्हटलं, यात्रेनंतरची घ्या. संघपाल म्हणाला, "आई, तू काहून ऐकून नाही राहिली? आपला देव नाही, आपला सण नाही, तिथं पडलीस तर लोकं काय म्हणतीन?"

मी म्हटलं, लोक म्हणतील बाई पडली.

"तिथं खाली दरी हाय, आई. मी काय करू मग?"

त्याचा आवाज फाटला आणि तो उठून गेला. त्याचे बाबा गेले तेव्हाही तो असाच उठून गेला होता.

खरं लिहायचं तर मलाही भीती वाटते. जिन्यावर पाय गेला तेव्हा आधी काहीच कळलं नव्हतं, दुखलंही नव्हतं. पाय होता आणि नव्हता, एवढंच. ते पुन्हा कधी होईल हे गुणांच्या वहीत येत नाही. पण भीतीपोटी खुर्चीत बसले तर गुडघे बरे होतील का? खुर्चीत बसूनही ते झिजणारच, फक्त मी डोंगर बघणार नाही. तेव्हा जाणार.

११ फेब्रुवारी

सहा वेळा! सहाशे बहात्तर. फलाटावरचा सुरक्षावाला आता मला सलाम करतो. आज त्याने विचारलं, "माताजी, रोज इतना चढके जाते कहाँ हो?" मी म्हटलं, खाली.

उजवा तीन, डावा चार. हात न टेकता खुर्चीतून पंधरा वेळा उठले.

घरी येऊन मीच दवाखान्यात फोन केला आणि वीसची तारीख रद्द केली. पेशंट स्वतः बोलतेय म्हटल्यावर पलीकडची मुलगी गडबडली. पेशंटने बोलायची पद्धत नसावी.

१६ फेब्रुवारी

संघपाल पाच दिवस बोलत नाही. आज दीप्ती मला बर्डीवर घेऊन गेली आणि पकड असलेले बूट घेऊन दिले. दुकानातून बाहेर पडल्यावर म्हणाली, "त्यांनीच पाठवलं आई. सांगू नको म्हणले होते."

घरी खोका उघडला तर बुटांखाली घडीची काठी. चांगली हलकी, मुठीला रबर. मी ती काढून कपाटामागे ठेवली. बूट घालीन. काठी नाही.

२४ फेब्रुवारी, पचमढी

ऐन शिवरात्रीची गर्दी टाळायला बावीसलाच पहाटे यात्रेच्या बसने निघालो. काल चढलो. काल लिहिता आलं नाही. आज धर्मशाळेच्या ओट्यावर पाय लांब करून लिहितेय.

घाटात बस वळली तशी तुळसाबाई म्हणाली, "कुसुम, खिडकी लाव वं, गार लागते." एवढ्याने मला बरं वाटलं.

तिचा त्रिशूळ तिच्या खांद्यावर, टोकाला हळदीकुंकू, दांड्याच्या वरच्या बाजूला लाल कापडात बांधलेली कसलीतरी जाड पुरचुंडी. पायात काही नाही. माझ्या पायात नवे बूट, पाठीला पाण्याची बाटली नि चिवडा. सकाळी सातला पायऱ्या सुरू केल्या. खरं सांगते, मी चढले. पन्नास पायऱ्या आणि एक श्वास, पन्नास पायऱ्या आणि एक श्वास. तिशीतली पोरं कठड्याला टेकून बसलेली, त्यांना मागे टाकलं. तुळसाबाई मागून ओरडली, "अवं घोडी, थांब ना मले!" तेराशे पायऱ्यांत एकदाही गुडघा बोलला नाही. वर पोचले तेव्हा मी मोठ्याने हसले, चारचौघांत, एकटीच.

ती आत गेली. बाहेर हजारो त्रिशूळ रचलेले असतात, गंजलेले, नवे, बोटभर, पुरुषभर. त्यात तिने आपला उभा केला. मी कठड्यावर बसले, सातपुडा बघितला, चिवडा खाल्ला. संघपालला फोटो पाठवला. त्याने नुसता अंगठा पाठवला. पाच मिनिटांनी पुन्हा एक अंगठा.

मग आम्ही उतरायला लागलो.

विसाव्या पायरीला मांडी लटपटायला लागली. मला वाटलं थकवा. चाळिसाव्याला गुडघ्याच्या वाटीत खिळा ठोकल्यासारखं झालं. प्रत्येक पायरीला सगळं अंग त्या डाव्या पायावर धाडकन येत होतं. महिनाभर मी त्याला चढायला शिकवलं आणि खाली नेताना लिफ्टमध्ये उभं केलं. पस्तीस वर्षं गणित शिकवलं आणि मला एवढं कळलं नाही की जेवढ्या पायऱ्या वर तेवढ्याच खाली. साठाव्या पायरीला पाय गेला. जिन्यावर गेला होता तसाच, न सांगता. कठडा हातात सापडला म्हणून बसले, नाहीतर गडगडत गेले असते.

माणसं थांबली. कोणीतरी म्हणालं, मदतकेंद्रावरून स्ट्रेचर मागवा. मी म्हटलं, खबरदार. मी अजून जिवंत आहे, मला आडवी नेऊ नका. पण आवाज रडवेला निघाला. मला उठता येत नव्हतं. संघपालचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि त्याचंच खरं होतं असं वाटलं. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

तुळसाबाईने माझ्याकडे बघितलं आणि वळून वर चढायला लागली. मला वाटलं देवाला साकडं घालायला चालली. असा राग आला! मी इथे पडलेय आणि ही हात जोडायला जाते.

पंधरा-वीस मिनिटांनी वर गलका झाला. "ओ माय, चढवलेला परत नेत नाही कोणी!" आणि गर्दीतून तुळसाबाई खाली येत होती, हातात त्रिशूळ. मागून एक स्वयंसेवक पोरगा हातवारे करत होता. ती त्याला वळून म्हणाली, "माह्याच हाय. उसना नेऊन राहिली. त्याच्यापाशी हजार हायेत, हिच्यापाशी एकबी नाही."

तिने तो माझ्यापुढे टेकवला. "धर."

"तुळसा, तुझा नवस..."

"धर म्हटलं ना."

मी पकडायला हात वर नेला, नेमका त्या पुरचुंडीवर. लाल कापड सुटलं आणि आतून तपकिरी इलॅस्टिक दिसलं. माझी नी-कॅप.

मी तिच्याकडे बघतच राहिले. ती माझी नजर चुकवत होती. "मागच्या साली एकटी आलती ना मी," ती म्हणाली, "तवा बोलली होती त्याले. कुसुमले एक डाव चढव, त्रिशूळ आणतो. चढवलं त्यानं. त्याचा काही दोष नाही. उतरवायचं मीच बोलली नाही."

मी रडले, तिथेच, पायरीवर. आणि मग हसायला आलं. चढण्याचीच तयारी मी केली, चढण्याचाच नवस तिने केला. दोघी सारख्याच वेंधळ्या.

मग तिने मला उतरायला शिकवलं. रितिका सांगणार होती ते हेच असावं. समोर तोंड करून नाही, तिरपं व्हायचं. आधी त्रिशूळ खालच्या पायरीवर, मग दुखरा पाय, मग चांगला. गुडघा ताठ ठेवायचा नाही, किंचित वाकलेला. छोटं पाऊल. दर वीस पायऱ्यांनी थांबायचं, गरज नसली तरी थांबायचं. इतकी वर्षं ती अशीच तिरपी उतरायची आणि मी पुढे धावत जाऊन खाली तिची वाट बघायची, कंटाळून. ती हळू आहे असं मला वाटायचं.

साडेपाच तास लागले. सूर्य कलताना खाली आलो. माझ्या पायांनी.

उजवा सात, डावा नऊ. खोटं कशाला लिहू.

२७ फेब्रुवारी, नागपूर

कोणीतरी उतरताना व्हिडिओ काढला होता. मी पोचण्याआधी तो इंदोऱ्यात पोचला. कुसुमताई हातात त्रिशूळ घेऊन! विहाराचे धम्मानंद सर घरी आले, बिचारे अवघडून बसले. मी म्हटलं, सर, मी वंदना कोणाला केली नाही, काठी म्हणून धरला. त्यांनी चहा घेतला आणि जाताना हळूच विचारलं, त्यांच्या मिसेसचेही गुडघे दुखतात, कोणते व्यायाम करता? मी कागद दिला.

त्रिशुळाचं मात्र अवघड झालं. तुळसाबाईच्या सुनेने त्याला दारातच अडवलं. देवाला वाहिलेलं घरात परत आणत नाहीत म्हणाली. आमच्या घरात तर प्रश्नच नाही. संघपाल दारात उभा राहून एकदा त्रिशुळाकडे, एकदा माझ्या सुजलेल्या गुडघ्याकडे बघत होता. मला वाटलं आता ऐकवणार. त्याने तो माझ्या हातातून घेतला, उंची बघितली, टेकवून बघितला.

"याच्यावर उतरलीस तू? सगळ्या?"

"साठ सोडून."

त्याने तो बाल्कनीत नेऊन कपडे वाळत घालायच्या काठीशेजारी उभा केला. "वरची टोकं झाकून ठेव, दीप्तीले लागतीन," एवढंच बोलला. मी टोकांवर नी-कॅप चढवली.

११ मार्च

डॉक्टरांनी दहा दिवस नुसती विश्रांती सांगितली होती. ती काल संपली. ऑपरेशनचं विचारलं. ते म्हणाले, जोवर झेपतंय तोवर ढकलू, पण असा मूर्खपणा पुन्हा नको. मी म्हटलं असा नाही करणार. कसा करणार ते त्यांनी विचारलं नाही.

रितिकाकडे गेले. गेल्या गेल्या सांगितलं, पोरी, आधी उतरायचं शिकव. एका पायरीपासून सुरुवात आहे. कपाटामागची काठीही निघाली. रस्ता ओलांडून द्यायला आजच दोघं धावले. ओलांडून घेतलं.

यंदाच्या वर्षात गुडघे तयार करायचे आहेत, कारण तो त्रिशूळ माझा नाही, उसना आहे. पुढच्या शिवरात्रीला नेऊन द्यावाच लागेल. संघपालला हे मी जेवताना सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. मग म्हणाला, "मी येतो सोबत. बाहेर कठड्यावर बसीन." मी म्हटलं, कठड्यावर जागा कमी आहे, पण सरकून बसू.

संध्याकाळी तुळसाबाईला घेऊन सीताबर्डीला गेले. तिने मेट्रोचं स्टेशन पहिल्यांदाच पाहिलं. लिफ्टने वर गेलो, दोघी, वृद्धांच्या प्राधान्याने. मग काठी खालच्या पायरीवर टेकवली, तिरपी झाले, दुखरा पाय आधी. गर्दी बाजूने पळत होती. शाळेतली माझी एक जुनी विद्यार्थिनी चढता चढता थांबली, नमस्कार मॅडम म्हणाली.

मागून तुळसाबाईचा आवाज आला, भर बर्डीत, सगळ्यांसमोर. "कुसुम, घाई नको करू वं. वीस झाल्या, थांब."

थांबले.

आज चढले शून्य, उतरले अठ्ठावीस.